एक आडवी रेघ

तांडा, ता. दारव्हा
३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

बबिता,

तुझं पाकीट शनिवारी हाती आलं. पोस्टमन तांड्यापर्यंत येत नाही, गावातल्या किराणा दुकानात ठेवून जातो. दुकानदारानं दोन दिवस त्यावर तेलाचं माप ठेवलं होतं, म्हणून एका कोपऱ्याला गोल डाग आहे. आतले कागद कोरडे आहेत.

आईला पत्र असेल असं वाटलं होतं. चिठ्ठी निघाली. लहान आहे म्हणून पाठ झाली. "याडी, पान ४० ते ४३ तुझी आहेत. वाचून घे. काही दुरुस्ती असेल तर लाल पेनानं कर. नसेल तर शेवटच्या पानावर 'ठीक आहे' लिहून सही कर आणि परत पाठव. पुस्तक चोवीस तारखेला छपाईला जातं." खाली तुझं नाव. पेनही आतच होता.

दोन वर्षांत तुझ्या हातचं मिळालेलं हे पहिलंच. मध्ये जे काही कळलं ते संगीता आत्याकडून. पुण्यात तू पुस्तकं छापणाऱ्यांकडे कामाला लागलीस, आपल्या गोर बंजारा बायांची गाणी गोळा करतेस, हेही तिनंच सांगितलं.

पानं वाचली. डावीकडे आपली बोली, उजवीकडे मराठी अर्थ. वर लिहिलं आहे, "पतीच्या निधनानंतरचा हेल. गायिका : हंसाबाई किसनसिंग." मी गायिका नाही. हेल गात नाहीत, मेल्या माणसासाठी रडत रडत म्हणतात. त्याखाली बारीक अक्षरात आहे, "संपादन व पुनर्लेखन : बबिता."

आता मला एक सांग. दुरुस्ती मी करायची म्हणतेस. संपादन तू केलंस. पुनर्लेखनही तूच केलंस. ही तीन कामं वेगळी आहेत की एकाच कामाची तीन नावं? अनाडी माणसाला विचारल्यासारखं विचारत नाही. मला खरंच कळत नाही, आणि कशाला काय म्हणतात हे माहीत नसताना लाल पेन धरवत नाही.

मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. त्यामुळे काय बरोबर आणि काय चूक हे सांगणं कठीण आहे. अकरा ओळी आहेत. सातवी मला थोडी वेगळी वाटली. पण आठवतच नाही तर वेगळी तरी कशावरून म्हणू?

कापसाची पहिली वेचणी सुरू आहे. बोंडाच्या टोकांनी बोटं सोललेली आहेत, म्हणून अक्षर असं आलं आहे. तूर हिरवी उभी आहे. बाकी ठीक.

याडी


७ नोव्हेंबर, शुक्रवार

बबिता,

आज वेचणीला गेले नाही. जीपनं दारव्ह्याला गेले, वाहिदभाईकडे. तुला तो आठवत असेल. पुस्तकांना आणि दप्तरांना पुठ्ठे बांधतो. तुझे बापू कोतवाल असताना तलाठी ऑफिसची फाटलेली रजिस्टरं त्याच्याकडेच न्यायचे. वाचनालयाची पुस्तकंही त्याच्याकडेच बांधायला येतात आणि आठ-आठ दिवस पडून असतात. ते आठ दिवस माझे. तू शाळेत असताना मी जे काही वाचलं ते असंच वाचलं. माझ्या निम्म्या पुस्तकांना पुठ्ठा नव्हता, त्यामुळे त्यांची नावं मला आजही माहीत नाहीत. गोष्टी माहीत आहेत.

मी विचारलं, "वाहिदभाई, शब्दकोश हाय का?"

"हाय. 'प'पासून पुढचा. मागचा भाग उंदरानं नेला."

"मले 'प'तलंच पाह्यजे. पुनर्लेखन."

"मंग उंदीर तुमच्या बाजूनं हाय, भाभी."

त्यानं चष्मा दिला, कारण माझा घरीच राहिला होता. पुनर्लेखन म्हणजे पुन्हा लिहिणे. एवढंच दिलं आहे. तेच पुन्हा लिहिणे की दुसरं काही लिहिणे, ते दिलेलं नाही. संपादन म्हणजे मिळवणे, हस्तगत करणे, असा अर्थ आधी आहे. ग्रंथ वगैरे छपाईसाठी तयार करणे हा नंतर आहे. दुरुस्ती शोधली, तर ती 'द'मध्ये गेली. खाडाखोडही गेली.

वाहिदभाई म्हणाला, "मी काय करतो सांगू? जुनं उसवतो, कडा कातरतो, पुन्हा शिवतो. लोक म्हणते, वा वाहिदभाई, पुस्तक नवं केलं. म्या अक्षराले हात नाही लावला. पण कातरताना एखांद्या वक्ती कडेची मात्रा उडते, ओळीचा शेवट उडते. मंग वाचनारा म्हणते, लेखकानंच असं लिहिलं असन."

"मंग तुमी सांगता का त्याले?"

"कायले सांगू? माही रोजी जाईन." आणि हसला. मग म्हणाला, "किसनसिंगभाऊले सांगावं लागे. तो बोटानं कडा मोजे."

मोजायचेच ते. तुला माहीत आहे. ऑफिसात तलाठी बदलत गेले, तुझे बापू तिथेच राहिले. रजिस्टर लिहिणं त्यांचं काम नव्हतं, उचलून आणणं आणि परत ठेवणं एवढंच होतं. पण लिहिणारा चुकला की तेच सांगायचे. पुसायचं नाही, खरवडायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही. चुकलेल्यावर एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहायचं. बाजूला दोन सह्या, एक ज्याचं चुकलं त्याची आणि एक ज्याच्यापुढे दुरुस्त झालं त्याची. मी नाव लिहायला शिकले तेव्हा किराण्याच्या यादीवर "चायपत्ती एक पाव" असं लिहिलं होतं. त्यांनी त्यावर रेघ मारली, वर "अर्धा पाव" केलं, बाजूला सही केली आणि पेन माझ्याकडे दिला. म्हणाले, "आता तू कर. नाहीतर दुकानदार म्हणन, यादीत फेरफार झाला." माझी पहिली सही ती.

फेरफार शब्द त्यांच्याच तोंडी ऐकलेला. जमीन तीच, नाव दुसरं, याला फेरफार म्हणतात. मागच्या वर्षी आपल्या दीड एकराच्या सातबाऱ्यावर तुझ्या बापूंचं नाव कंसात गेलं. खाली माझं आलं, त्याखाली तुझं. तुला नक्कल पाठवली होती. पोचली की नाही ते कळलं नाही.

म्हणजे मला जेवढं समजलं ते असं. तू पुनर्लेखन म्हटलंस, पण तू पुन्हा लिहिलं नाहीस, कातरलंस. सातव्या ओळीतले दोन शब्द काढलेस. तुझ्या पानावर आहे, "वाट देखतो देखतो बापू चलेगो." वाट पाहता पाहता बापू गेला. मी त्या दिवशी म्हटलं होतं, "तारी वाट देखतो देखतो बापू चलेगो, बेटी." तुझी वाट पाहता पाहता. तारी काढलंस आणि बेटी काढलंस. आता ती ओळ कोणाचीच नाही, कोणाला लागतही नाही.

मागच्या पत्रात मला आठवत नाही असं लिहिलं होतं. ते पत्र अजून घरातच आहे, टाकलेलं नाही. आठवतं.

पण हेही लिहायला हवं की ती ओळ माझी नाही. ती माझ्या याडीची. माझा मोठा भाऊ घरात भांडून निघून गेला होता, रस्त्याच्या कामावर, लांब. बाप वारला आणि तो बाराव्या दिवशी आला. मी आठ वर्षांची होते. याडीनं त्याच्या गळ्यात पडून हेल काढला, तारी वाट देखतो देखतो बापू चलेगो, बेटा. बाया म्हणाल्या, काय रडली. ती ओळ माझ्या डोक्यात तशीच पडून होती. तुझ्या वेळी मला रडू येत नव्हतं, सकाळपासून बाया म्हणत होत्या, रो बाई, रो. तू आलीस आणि माझ्या तोंडातून ती निघाली. बेटा होतं तिथं बेटी केलं. बाकी नक्कल.

तेव्हा तू ते मनावर घ्यायला नको होतंस. उसनं होतं.

येताना जीप भरेपर्यंत तास लागला. कळंबच्या गणपतीचा प्रसाद म्हणून वाहिदभाईनं दोन लाडू दिले, त्याच्या कोण्या गिऱ्हाइकानं आणलेले. एक खाल्ला.

याडी


११ नोव्हेंबर, मंगळवार

बबिता,

काल संगीता आत्या आली. आर्णीहून, तिच्या पोराच्या, प्रेमच्या मोटरसायकलवर. तो सोडून लगेच गेला, ती राहिली. येताना लसणाची गड्डी आणि माझ्याबद्दल पुष्कळ तक्रारी घेऊन आली.

"फोन उचलत नाही, येत नाही, जात नाही. मले वाटलं तूही गेली."

"वेचणी हाय."

"वेचणी मले बी हाय. म्या काय आभाळातून कापूस आणतो का?"

मी तिला पानं दाखवली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचत गेले. "गायिका : हंसाबाई किसनसिंग" ऐकून ती इतकी हसली की खोकला आला. "आता रेडिओवर बलावतीन तुले. मानधन भेटन. मले बी मागं बसव, म्या हुंकारा देईन."

पुढे वाचलं. दुसऱ्या ओळीला तिचं हसू थांबलं. तुझ्या बापूंच्या चपला दाराशी आहेत, ती ओळ. चौथ्या ओळीला पदर तोंडाला लावला. ती रडते तेव्हा सगळं अंग रडतं तिचं. मी वाचत होते. मला नीट वाचता येत होतं, अक्षर मोठं आहे.

सातवी वाचली तशी म्हणाली, "हे असं नव्हतं, भाभी."

"नव्हतं."

"तू तं पोरीचं नाव घेतलतं."

"काढलं तिनं."

"बरं केलं." मग म्हणाली, "हेलातलं वाऱ्यावर जाते. माही सासू नवऱ्याच्या हेलात मले भवानी म्हणे, नं तिसऱ्या दिवशी माह्याच हातची भाकर मांगे. कोनी धरते का मनात? पण तुही पोरगी शिकेल. तिले कायले समजीन? दोन बोटं धरून तुहे हात गळ्यातून काढले तिनं, म्या पाह्यलं."

दोन नाही. एकेक बोट सोडवलंस तू. मला माहीत आहे, बोटं माझी होती.

मग मी संगीताला एक विचारलं, जे चार दिवसांपासून माझ्या डोक्यात होतं. "बबितानं हे लिहिलं कशावरून? त्या दिवशी तिच्या हाती मोबाइल होता का?"

"कुठला मोबाइल? बॅग बी दारातच पडली होती तिची."

म्हणजे तू पाठ केलंस. अकराच्या अकरा ओळी. एकदाच ऐकून, आणि त्यातली सातवी मी तीनदा म्हटली होती. दोन वर्षं तुझ्याकडे त्या होत्या. मी इथं धरून चालले होते की तू सगळं झटकून गेलीस.

संगीता म्हणाली, "ठीक हाय लिही, सही मार नं पाठवून दे. पोरीनं सोताच निस्तरलं हाय. तू कायले उकरतं? दिवाळी गेली, होळीले येईन दारात."

ते मलाही पटलं. लाल पेन घेतला, शेवटच्या पानावर 'ठीक' लिहिलं. 'आहे' लिहायचं बाकी होतं.

तेवढ्यात संगीता लसूण सोलता सोलता म्हणाली, "भाभी, एक सांगू? दादानं मले गुरुवारी फोन केलता. मरायच्या आंधीच्या गुरुवारी. छातीत भरून येते म्हणे. म्या म्हटलं, भाभीले सांग नं दवाखान्यात जाय. म्या कोनाले बोल्ली नाही हे. तवाच प्रेमले गाडी घेऊन धाडला असता तं वाचला असता तो. दोन वर्सं झाले, घास अडकते माहा. तुले सांगतलं होतं का त्यानं?"

मी म्हटलं, "नाही."

ती "हो का" म्हणाली आणि पुढची पाकळी सोलायला घेतली. तिच्या नखाला माती होती. मी पेनाला टोपण लावलं.

आज सकाळी ती गेली. 'ठीक' तसंच आहे.

याडी


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बबिता,

आज क्रमानं लिहिते.

गुरुवारी, २६ ऑक्टोबरला, तुझे बापू ऑफिसातून लवकर आले. दप्तराच्या चाव्यांची पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाले, छातीत भरून येतं. मी ओवा दिला. त्यांनी संगीताला फोन केला तेव्हा मी भाकरी करत होते, ऐकत होते. फोन ठेवून त्यांनी मला तेच सांगितलं जे तिला सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं.

शुक्रवारी ते ऑफिसात गेले नाहीत. चोवीस वर्षांत ताप असतानाही गेले होते. डावा हात दाबत बसले होते. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. म्हणाले, सोमवारी जाऊ, सोमवारी यवतमाळला ऑफिसची गाडी जाते. मी बरं म्हटलं. गाडीभाड्याचा प्रश्न नव्हता. सोमवार जवळ वाटला, एवढंच.

शनिवारी सकाळी म्हणाले, "बबितेले फोन लाव. ये म्हणा."

मी म्हटलं, "कायले घाबरवता पोरीले? दिवाळीले येऊनच राह्यली ती. पंधरा दिवस हायेत."

म्हणाले, "लाव नं."

मी म्हटलं, "लावतो."

आणि लावला नाही. काम होतं असं नाही. तुझ्याशी तेव्हा माझं धड बोलणं नव्हतं. तू दसऱ्याला आली नव्हतीस, परीक्षा आहे म्हणाली होतीस, आणि मी फोनवर म्हटलं होतं की आता बोलावल्याशिवाय येऊच नकोस. तर मी आधी फोन करायचा म्हणजे मी हरले. असं मनात होतं. इतकं लहान होतं ते. आज लिहिताना याहून मोठं काही सापडतं का ते पाहिलं, नाही सापडलं.

दुपारी विचारलं, "लागला का?" मी म्हटलं, "रेंज नाही." संध्याकाळी खाट दारात ओढून घेतली. मी म्हटलं, हवा लागेल. म्हणाले, "जीप दिसते इथून." शेवटच्या जीपपर्यंत तिथं होते. जीपमधून धावजी उतरला, त्यांच्याच ऑफिसचा. त्याला म्हणाले, "माही पोरगी येनार हाय पुन्याहून." धावजी म्हणाला, "हो का? बरं झालं." मी आतून ऐकलं.

रविवारी पहाटे गेले. चूल पेटवून पाणी ठेवलं होतं, ते आणायला मी उठले तेवढ्यात. तुला फोन दहा वाजता केला, तो पहिल्याच घंटेला लागला.

तू आलीस तोवर सगळं आटोपलं होतं. बाया आंघोळी करून बसल्या होत्या. मी सकाळपासून रडले नव्हते. आतून काही येतच नव्हतं, हात-पाय दुसऱ्या कोणाचे असावेत तसे होते. रो बाई, रो. तू दारात बॅग टाकलीस आणि मला दिसलं की तू विचारणार. तू तोंड उघडलं होतंस. काय झालं, मला का नाही सांगितलं, हेच विचारणार होतीस. त्याच्या आधी मी तुझ्या गळ्यात पडले आणि याडीची ओळ काढली. एकदा म्हटली, तुझं तोंड मिटलं. म्हणून आणखी दोनदा म्हटली.

मागच्या शुक्रवारी लिहिलं की ती उसनी होती, तोंडातून निघाली. उसनी होती हे खरं. निघाली हे खरं नाही. मी निवडली.

बाया म्हणाल्या, रडली एकदाची. ते रडणं नव्हतं. अजूनही आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

आज दिवसभर वेचणी केली. अकरा किलो.

याडी


१७ नोव्हेंबर, सोमवार

बबिता,

काल संगीताला फोन करून सांगितलं. गुरुवारचं मला माहीत होतं, तुझ्या भावानं मला सांगितलं होतं, तुझ्याकडून काही राहिलं नाही, राहिलं ते माझ्याकडून. ती म्हणाली, "ठेवतो फोन. दूध उतू चाललं." तिच्याकडे सध्या दुभतं जनावर नाही. एका तासानं तिनंच परत केला. म्हणाली, "भाभी, जेवली का?" मी हो म्हटलं. "खोटं नको बोलू आता," म्हणाली. मी उठले आणि जेवले.

आता पानांचं.

'गायिका' राहू दे. संगीताला त्यानं हसू आलं.

सातव्या ओळीवर मी लाल पेनानं एक आडवी रेघ मारली आहे. तू लिहिलेलं खाली वाचता येतं. वर तू काढलेले दोन्ही शब्द परत लिहिले आहेत. तू ते माझ्यासाठी काढलेस हे मला समजलं. लोक वाचतील, याडीनं पोरीला असं म्हटलं म्हणतील, म्हणून काढलेस. पण 'तारी' काढलं की तुझ्या बापूंनी कोणाची वाट पाहिली ते निघून जातं. त्यांनी तुझी पाहिली. खाट ओढून पाहिली. तेवढी गोष्ट त्या ओळीत खरी आहे, आणि ती तुझी आहे. मी ती तुला मारायला वापरली म्हणून ती खोटी होत नाही.

त्याखाली समासात मी एक ओळ जास्तीची लिहिली आहे. "मं तोन बलायी कोनी." मी तुला बोलावलं नाही. ही मी त्या दिवशी म्हटली नव्हती. म्हणायची होती ती हीच. ती पुस्तकात घ्यायची की नाही, घेतली तर बारावी म्हणून की टीप म्हणून, की नुसती तू वाचून ठेवायची, हे तू ठरव. तुला त्यातलं कळतं. अशा ओळीला दुरुस्ती म्हणतात की पुनर्लेखन, मला माहीत नाही. तो शब्द उंदरानं नेलेल्या भागात असेल.

शेवटच्या पानावर 'ठीक' लिहिलं होतं. त्यावरही रेघ आहे.

पत्रं पाच झाली. चौथं लिहिल्यावर वाटलं, आधीची तीन चुलीत घालावीत आणि एकच नीट पुन्हा लिहावं, सगळं खरं, सुरुवातीपासून. एक कागद घेतलाही. मग ठेवून दिला. पाचही याच पाकिटात घालते आहे. पहिल्या पत्रात, "मला त्या दिवसाचं काही आठवत नाही" या वाक्यावर रेघ आहे. दुसऱ्यात "तू ते मनावर घ्यायला नको होतंस" यावर आहे. तिसऱ्यात माझ्या "नाही"वर आहे. खालचं सगळीकडे वाचता येईल.

पाकीट घेऊन आता दारव्ह्याला जाते. चोवीसच्या आत पोचेल असं पोस्टात म्हणाले तर ठीक, नाहीतर वाहिदभाईच्या ओळखीनं कोणी पुण्याला जाणारं सापडतं का ते बघते.

प्रत्येक रेघेपाशी मी सही केली आहे. ज्याचं चुकलं त्याची. तिच्या शेजारी ज्याच्यापुढे दुरुस्त होतं त्याची लागते, तुला माहीत आहे. ती जागा मी सगळीकडे कोरी सोडली आहे. ती सही टपालानं चालत नाही. तुझे बापू तरी चालू देत नसत.

ये.

हंसाबाई किसनसिंग